हिरोशिमाला गेलेला तांब्या

मी एक जुना तांब्या आहे, मित्रांनो. पोटाला पोचे पडलेला, काठ झिजलेला. रत्नागिरीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि नव्या नवरीबरोबर, गोदूबाईबरोबर, मी तिच्या सासरी आलो. ओटीवर गुळाच्या वाटीशेजारी माझी जागा. उन्हातून कुणी आलं की गोदूबाई मला पुढे करी. कोकमाच्या सालीने मला घासताना ती गाई,

दारी आला पाव्हणा, त्याला पुसू नये गाव,
आधी पाण्याचा गं तांब्या, मग पुसू त्याचं नाव.

किती ओंजळी माझ्याखाली धरल्या गेल्या! पुढे घरात बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. कोळ्यांनी माझ्या तोंडावर जाळी विणली.

गोदूबाईचे यजमान हरिश्चंद्र बोटीवर खलाशी होते. तरुणपणी त्यांची बोट जपानात, हिरोशिमाजवळ लागली होती. लढाईत एका बॉम्बने ते शहर जाळलं, भाजलेली माणसं पाणी पाणी करत गेली, आणि अजून लोक त्यांच्या नावाने दगडावर पाणी घालतात, हे त्यांनी घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून गोदूबाईने एकच धरून ठेवलं होतं: एकदा त्या तहानलेल्या गेलेल्यांना आपल्या हातचं पाणी द्यायचं.

आता नात मृणाली तिथे म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेच्या नोकरीला लागली. तिने आजी-आजोबांना बोलावलं आणि मी माळ्यावरून खाली उतरलो.

रिकामा तांब्या कुणापुढे करू नये, ही आमच्याकडची रीत. म्हणून गोदूबाईने मला घरच्या विहिरीच्या पाण्याने भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मांडीवर घेऊन विमानतळ गाठला. तिथे तपासणीला अडवलं. पाणी नेता येणार नाही.

"अहो, विहिरीचं आहे, गोड आहे," ती सांगत राहिली. शेवटी दोघांनी तिथेच उभं राहून पाणी पिऊन मला रिकामं केलं.

"सगळी विहीर माझ्याच पोटात चालली गो!" हरिश्चंद्र म्हणाले. ती हसली नाही.

मला वाटलं होतं, हिरोशिमात राख दिसेल. तर नद्यांवर पूल, पुलांवरून डुलत जाणाऱ्या ट्राम, शाळेची पोरं, आणि कडेला आपलीच गुलाबी कण्हेर. जळक्या मातीतून आधी जी फुलं वर आली त्यांत ही होती, असं मृणाली म्हणाली.

पण त्या दगडाच्या बागेत पोचल्यावर गोदूबाई नळाजवळच्या बाकावर बसूनच राहिली. "मी नाय जायची. घरचं पाणी नाय, हा नळ परका."

"आजी, एवढ्या लांब येऊन?" मृणाली रडकुंडीला आली.

"अगो," हरिश्चंद्र म्हणाले, "तू पाव्हण्याचं गाव पुसत नाहीस. मग तहानलेला तुझ्या पाण्याचं गाव पुसेल काय?"

ती उठली. तिने मला नळाखाली धरलं. त्या परक्या पाण्याने माझं पोट गार झालं.

दगडापाशी कमरेत वाकलेली एक जपानी आजीबाई उभी होती. गोदूबाईने आधी गुळाचा खडा ठेवला, तशी ती नवलाने बघू लागली. आमच्याकडे नुसतं पाणी देत नाहीत, असं मृणालीने तिला सांगितलं. मग ती हळूहळू बोलली आणि मृणाली आम्हाला सांगत गेली.

"आजी, यांचा भाऊ भाजला होता. पाणी मागत होता. भाजलेल्याला पाणी दिलं तर तो मरतो, असं लोक म्हणाले. म्हणून आईने दिलं नाही. तो तसाच गेला."

गोदूबाईचा हात थांबला. तिची इतक्या वर्षांची इच्छा माझ्यात काठोकाठ भरली होती. तिने मला त्या आजीबाईच्या हातांत दिलं.

"घे बाय, तू घाल. पहिलं पाणी बहिणीचं."

तिला शब्द कळले नाहीत. पण तिने मला दोन्ही हातांनी धरलं. पाणी दगडावरून उतरत गेलं आणि तिच्या ओठांवर भावाचं नाव.

"अजून घाल, मी आणते," म्हणत गोदूबाई मला घेऊन, दुखरे गुडघे विसरून नळाकडे निघाली.

मित्रांनो, मी तांब्या. घासलात तर उजळेन, नाहीतर काळा पडेन, माझं काही मागणं नाही. त्या आईला भीतीने अडवलं होतं. तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. घरात कुणी पाणी मागितलं, तर हातातलं ठेवून उठा.