तोंड फिरवलं तेव्हा

“तुम्ही तिकडे जायचं नाही. फोन नाही, निरोप नाही, कुणाच्या हातून काही पाठवायचं नाही,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांना विमा कंपनीने पाठवलं होतं.

ट्रकचे मालक खुर्चीच्या काठावर बसले होते. पायांत चपला तशाच होत्या. निघालेच होते ते.

“बाई, माणूस गेलाय त्यांचा. तरणाताठा मुलगा. माझ्या ट्रकखाली. मी नुसतं दारात उभं राहून माफ करा एवढंच...”

“तेच म्हणायचं नाही. ‘माफ करा’ म्हणजे कोर्टात कबुली होते. मग कंपनी हात वर करेल. तुमच्या खिशातून त्या लोकांना काय मिळणार आहे? चार जुने ट्रक?” बाईंनी आवाज खाली आणला. “त्यांच्याच भल्याचं सांगतेय.”

मालकांनी चपला काढल्या.

परवा दुपारी उतारावर ट्रकचा पुढचा टायर फुटला आणि ट्रक रस्ता सोडून थेट शिंप्याच्या दुकानात घुसला. मशीनवर बसलेला मुलगा जागीच गेला. कपडे घ्यायला आलेली तीन माणसं हॉस्पिटलात होती. ट्रक मामा, म्हणजे मालकांचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, चालवत होते. मालक स्वतः दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, तेव्हापासूनची त्यांची मामांशी सोबत. मामांच्या हातून इतक्या वर्षांत कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

चार माणसांची भरपाई साध्या विम्यात बसणारी नव्हती. पण मालकांनी वरचा एक विमा काढून ठेवला होता. साधा विमा संपला की तिथून पुढे हा उघडतो, म्हणून त्याला अंब्रेला म्हणतात, असं एजंटाने समजावलं होतं. बायकोने तेव्हा खूप चेष्टा केली होती. “अहो, घरातली छत्री तुम्ही दर वर्षी कुठेतरी विसरून येता, आणि आता ट्रकांना छत्री?” आता तीच बायको म्हणत होती, “देवासारखी सुचली हो तुम्हाला बुद्धी.”

मामांना मात्र कशातच राम वाटेना. पोलिसांनी सोडल्यावर ते कामावर आले, पण स्टिअरिंगला हात लावेनात. यार्डात गाड्या धुवायचे. धुतलेली गाडी परत धुवायचे. आणि रोज सकाळी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे.

“मालक, जाऊन येऊ या ना एकदा. शिव्या घालतील, मारतील. मारू दे.”

“मामा, केस संपू दे. मग दोघं जाऊ.”

“केसचं कोर्ट बघेल. तो म्हातारा बाप काय म्हणत असेल आपल्याला?”

“त्यांचे पैसे अडकतील, मामा. कळत कसं नाही तुम्हाला?”

मामा मान हलवून पाण्याच्या पाइपकडे जायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. मग एके दिवशी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि लेकीकडे राहायला गेले. मालकांनी अडवलं नाही. अडवून सांगणार तरी काय होते?

कोर्टात मालकांना एकदाच जावं लागलं. व्हरांड्यात गर्दी होती. समोरच्या बाकावर एक वाळलेला म्हातारा आणि त्याची बायको बसली होती. म्हाताऱ्याच्या बोटांना कात्रीचे घट्टे होते. मालकांनी ओळखलं. म्हाताऱ्यानेही ओळखलं असावं, कारण तो बाकावरून अर्धा उठला. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मालकांना सोपं गेलं असतं. बोलायला कुणीतरी पुढे येईल अशी वाट बघणारी नजर होती ती. वकीलबाईंनी मालकांचा दंड धरला. मालकांनी तोंड फिरवलं आणि ते भिंतीवरची सूचना वाचायला लागले. सूचनेत काय होतं ते त्यांना कधीच आठवलं नाही.

केस लांबत लांबत एकदाची संपली. विम्याने सगळी भरपाई दिली. एकही ट्रक विकावा लागला नाही. मंडळी म्हणाली, “सुटलात.” मालक हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना फोन लावला. लेकीने उचलला. “बाबा येणार नाहीत, काका. ट्रकचा आवाज आला तरी आत जाऊन बसतात. त्यांना आता नका काही विचारू.”

मालक एकटेच गेले. दुकान पुन्हा उभं राहिलं होतं. आत दोन नवे कारागीर मशीन चालवत होते. पायरीवर म्हातारी बसली होती, सदऱ्याला काजं करत. तिने मान वर करून त्यांना निरखून बघितलं.

“ट्रकवाले ना तुम्ही?”

“हो. तुमचे यजमान...”

“गेल्या थंडीत गेले.” तिने दोरा दाताने तोडला. “पैशाचं कधी बोलले नाहीत. म्हणायचे, कुणीतरी येईल गं. त्यांनाही लेकरं असतील, येतीलच. कोर्टात तुम्ही दिसलात तेव्हा उठले होते. तुम्ही तोंड फिरवलंत.”

बंदी होती, वकील होते, तुमचेच पैसे अडकले असते. सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही मालकांच्या तोंडातून निघेना. खाली मान घालून ते पुटपुटले, “चुकलो. माफ करा.”

म्हातारीने कानामागे हात धरला. “जरा जोरात बोला. मला कमी ऐकू येतं.”

“माफ करा, आई.”

“अजून जोरात.”

मालकांनी मान वर केली आणि ओरडून सांगितलं. मशीनं थांबली. पलीकडच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं. रस्त्याने जाणारा एक माणूस थबकून बघायला लागला.

“हं,” म्हातारी म्हणाली. मांडीवरचा सदरा तिने सावरला, पायरीवर थोडं सरकून जागा केली आणि सुईत नवा दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या आत जाईना.

मालक शेजारी बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने सुई त्यांच्याकडे दिली.