कवड्यांचं ब्लडप्रेशर

बत्तीस वर्षं मी हुबळीकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर डॉक्टर मंडळींचे प्रबंध निस्तरले. कुणाला आपलं औषध गुणकारी ठरवून हवं असायचं, तर मानसशास्त्राच्या एखाद्या बाईंना नर्सेसची चिंता वीस प्रश्नांत मोजायची असायची. आकडे गोळा करून झाले की मग ही मंडळी माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "सर, तेवढं सिद्ध करून द्या." मी म्हणायचो, "लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आलास होय रे?" या एका वाक्यावर मी बत्तीस वर्षं हशा वसूल केला. निवृत्त होऊन सिरसीच्या खालच्या अंगाला आमच्या गावी आलो तेव्हा वाटलं, सुटलो. आता सुपारीची बाग आणि अक्काच्या हातची ताकातली तंबळी.

नागवेणीअक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी; मी तिचा तम्मा, धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्काचं लग्न झालं तेव्हा ती मला कडेवर घेऊनच सासरी गेली, आणि भावजी देवमाणूस म्हणून ते खपलं. आता भावजी नाहीत, मी लग्न केलं नाही, त्यामुळे म्हातारपणी आम्ही दोघं पुन्हा माहेरच्या घरात. तिला ब्लडप्रेशर आहे, चांगलंच आहे. रोज सकाळी एक गोळी, हा तिचा अकरा वर्षांचा नेम.

एका सकाळी पाहिलं तर गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच.

"अक्का, गोळी?"

"बंद केली. आता कषाय घेते."

आमच्याकडे कषाय म्हणजे घरोघरचं पेय. धणे, जिरे, मिरी, गूळ, दूध. पण हा कषाय विघ्नेश्वर भटांचा होता. भट आमच्या गावचे वैद्य. दोन मुळ्या आणि एक साल ते जास्तीची घालतात आणि त्यांची नावं कुणाला सांगत नाहीत. सोसायटीचा सेक्रेटरी तिरुमलेश्वर, जो गावात एक मिनिट स्वस्थ बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही, त्यानं हॉलमध्ये शिबिर भरवलं होतं. सगळ्यांचा दाब मोजला. ज्यांचा फार चढलेला निघाला त्यांना बाजूला काढून महिनाभर कषाय दिला. महिन्यानं पुन्हा मोजलं, तर बहुतेकांचा उतरलेला! फळ्यावर खडूनं आधीचे आणि नंतरचे आकडे लिहिले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पहिल्या दिवशी अक्काचा आकडा सगळ्यांत वर होता. तिचाही उतरला. तिनं गोळी सोडली.

मी घाबरलो. आणि खरं सांगायचं तर चिडलोही. कारण ही चूक मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवायचो. दाब काही घराच्या नंबरासारखा कायमचा नसतो. घाटी चढून आलं, सुनेशी वाजलं, नाहीतर नुसतं यंत्र बघून धडधडलं, तरी तो चढतो. त्या एका दिवशी ज्यांचा सगळ्यांत वर गेला तेवढेच निवडले, तर पुढच्या वेळी त्यातले बहुतेक आपापल्या सरासरीकडे खाली येणारच. कषाय द्या, ताक द्या, नाहीतर काहीही देऊ नका.

हे मी अक्काला सांगितलं. तिनं सुपारी सोलता सोलता नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तम्मा, माझं ब्लडप्रेशर आपलं आपणच उतरलं म्हणतोस?"

"थोडंफार, हो."

"मग गोळी तरी कशाला घेऊ?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

मग मी ठरवलं की गावालाच समजावायचं. गावानं मानलं तर अक्का मानेल, कारण तिचं अर्धं शास्त्र देवळाच्या कट्ट्यावर ठरतं. तिरुमलला म्हटलं, मला हॉल दे, एक प्रयोग करून दाखवतो. तो आनंदानं उडालाच. "मेष्ट्रे स्वतः प्रयोग करणार!" असं त्यानं फळ्यावर लिहूनही टाकलं. मेष्ट्रे म्हणजे मी. इथं एकदा मास्तर झालेला माणूस मेल्यावरही मेष्ट्रेच राहतो.

प्रयोग साधा होता. चौकाबाऱ्याच्या खेळातल्या सहा कवड्या घेतल्या. हॉलमध्ये जमलेल्या प्रत्येकानं एकेकदा टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या ते सांगायचं. पाच किंवा सहा पडल्या तो जास्त दाबाचा रोगी. असे नऊजण निघाले. त्यांना पुढं बसवलं. पाचजणांना भटांचा कषाय दिला, चौघांना नुसतं गरम पाणी. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. मग पुन्हा कवड्या टाकायला लावल्या. कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला चार. एकट्या शिवरामाला तेवढ्या पुन्हा पाच पडल्या, पण तो सगळ्याच बाबतीत आडमुठा आहे.

"बघा," मी म्हटलं. मला फार बरं वाटत होतं. "कषाय घेतलेल्यांचा आकडा उतरला की नाही?"

"उतरला!" हॉल ओरडला.

"आता मला सांगा, कषायाला कवड्यांचं काय कळतं?"

मला वाटलं, आता हशा येईल आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. हशा आला नाही. मागच्या बाकावरून गणपज्जा उठले. वय ऐंशीच्या पुढं, आवाज यक्षगानात गाणाऱ्या भागवतांचा.

"कवड्यांना नाही मेष्ट्रे, हाताला कळतं. कषायानं हात शांत झाला. हात शांत, तर कवडी शांत."

माना डोलल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, पण गरम पाणी प्यायलेल्यांचाही उतरला की!"

"पाणी कुठल्या भांड्यात तापवलं?" तिरुमलनं विचारलं.

मी आत, हॉलच्या स्वयंपाकघरात पाहिलं. स्वयंपाक्यानं ते भटांच्या त्याच तपेल्यात तापवलं होतं, ज्यात वीस वर्षं कषायाशिवाय काही उकळलेलं नाही.

इथं मला कबूल केलंच पाहिजे की आक्षेप बिनतोड होता. परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. तुलनेच्या गटात औषधाची भेसळ! मी स्वतः कितीतरी प्रबंध याच कारणावरून परत पाठवले आहेत.

पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता शिल्लक होता. ज्यांना शून्य किंवा एक पडली होती, त्यांना पुढं बोलावलं. त्यांनाही कषाय पाजला. "आता यांचे आकडे चढतील," असं मी आधीच सांगून ठेवलं, आणि ते चढले. दोन, तीन, तीन, चार.

"काय मेष्ट्रे! खाली होते ते वर आले!" तिरुमल खुर्चीवरून उठला होता.

"तेच तर मी सांगतोय! एकच औषध चढलेल्याला उतरवतं आणि उतरलेल्याला चढवतं, असं कधी असतं का?"

 विघ्नेश्वर भट कोपऱ्यात बसले होते. शांत, भला माणूस. स्वतःविषयी कधी एक शब्द मोठ्यानं बोलत नाही. ते सावकाश उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. डोळ्यांत पाणी.

"असतं, मेष्ट्रे. माझे वडील सांगायचे, खरं औषध वाढलेलं कमी करतं, कमी झालेलं वाढवतं, सगळं सम करतं. मी कधी कुणाला पुराव्यानं दाखवू शकलो नाही. तुम्ही आज दाखवलंत."

टाळ्या थांबेचनात. शिवरामसुद्धा वाजवत होता. माझ्या गळ्यात सुपारीच्या फुलांचा हार पडला. मी तोंड उघडलं, पण त्या गोंगाटात सरासरी या शब्दाला कोण विचारतो?

घरी येताना अक्का माझा हात धरून चालत होती. "छान समजावलंस तम्मा. माझ्या मनात जराशी शंका होती, तीपण गेली." आणि घरी आल्या आल्या तिनं गोळ्यांची पट्टी शेजारच्या भागीरथीला देऊन टाकली.

त्यानंतर तिनं दाब मोजूच दिला नाही. मीच तिला एकदा सांगितलं होतं की यंत्राच्या धास्तीनं दाब चढतो. "मग मोजायचाच कशाला?" माझी प्रत्येक शिकवण ती माझ्यावरच उलटवत होती, तीसुद्धा हसत हसत.

पंधरवड्यानं अंगणात सुपारी सोलता सोलता तिच्या हातातली विळी गळून पडली. डावा हात उचलेना, तोंडातून शब्द धड निघेना. मी तिला मिठी मारून बसलो होतो आणि मला एकही आकडा आठवत नव्हता. रिक्षा येईपर्यंत हात पुन्हा हलू लागला. सिरसीचे डॉक्टर म्हणाले, "इशारा आहे. पुढच्या वेळी इशारा नसेल. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही." अक्कानं तिथं मान हलवली. घरी येऊन म्हणाली, "त्या दिवशी कषाय प्यायचा राहिला होता ना, म्हणून झालं."

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा अक्कावर ओरडलो. ती उठून आत गेली आणि कषाय उकळत ठेवला.

तेव्हा मी हात टेकले आणि विघ्नेश्वर भटांचं घर गाठलं. तिरुमल तिथंच होता. मी घडलं ते सांगितलं. भटांचा चेहरा पांढरा पडला.

"मी कुणालाही गोळी सोडा म्हटलेलं नाही, मेष्ट्रे. देवाशपथ. लोक आपल्या मनानं सोडतात."

"मग धरा म्हणा. तुमचं ऐकेल ती. म्हणा, ही गोळी म्हणजे कषायाचं अनुपान आहे. गोळीबरोबर घेतला तरच कषाय लागू पडतो."

भट विचारात पडले. "खोटं नाही ना होणार?"

"भट्रे, गोळीबरोबर घेतल्यावर दाब उतरेल. याची हमी मी देतो."

"मग सांगतो. आजच येतो."

मी उठलो तसा तिरुमल म्हणाला, "बसा की मारायरे, बसा महाराज! आलाच आहात तर एक काम करून जा. सोसायटीतर्फे कषाय बाटलीत भरतोय. बाटलीवर तुमच्या दोन ओळी हव्यात. खोटं काही नको. प्रयोगात दिसलं तेवढंच."

भटांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्यांच्या मनात सौदा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मी नाही म्हटलं असतं तरी ते अक्काकडे आलेच असते. पण मला ते आजच, संध्याकाळच्या आत यायला हवे होते, आणि त्या घटकेला त्या घरात कुणालाही नाराज करायची माझी छाती नव्हती. मी लिहिलं: 'ज्यांचा आकडा चढलेला होता, त्यांचा आकडा हा कषाय घेतल्यानंतर उतरलेला आढळला.' खाली सही. त्याखाली लिहिलं: 'डॉक्टरांची गोळी सोडू नये.'

पहिल्या ओळीत एक शब्दही खोटा नाही. कुठल्याही परीक्षकासमोर ती टिकेल. तिच्याइतकं पक्कं खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

भट आले, अक्काला अनुपान सांगून गेले. दुसऱ्या दिवशी तिनं भागीरथीकडून पट्टी परत आणली. आता रोज सकाळी कषायाच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी, भक्तिभावानं. दाब ताळ्यावर आहे. मोजूही देते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "कषायाचा गुण. आमच्या तम्मानं सिद्ध केलाय."

बाटल्या निघाल्या. माझं नाव कषायाच्या नावापेक्षा मोठं छापलंय. गोळीची ओळ जागेअभावी गेली, असं तिरुमलनं सांगितलं. मी भांडलो. पुढच्या छपाईत नक्की घेऊ म्हणाला. बाटल्या सिरसीला खपतात, कुमट्याला खपतात, हुबळीलाही जातात.

परवा सकाळी फोन आला. माझाच जुना विद्यार्थी, सदाशिव, कुमट्याला डॉक्टर आहे. माझ्या वर्गात हा चढ-उताराचा हिशेब सगळ्यांत आधी त्याला कळायचा.

"सर, आईनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्यात. बाटलीवर तुमचं नाव आहे म्हणते. मुलगा डॉक्टर असून माझं ऐकत नाही. वर गेलेला आकडा खाली येतोच, हे मी तिला तुमच्याच शब्दांत तीनदा सांगितलं. तुम्ही एकदा बोलता का तिच्याशी? तुम्ही आकडे समजावलेत तर नक्की ऐकेल."

 

"आकडे राहू देत, सदाशिव," मी म्हटलं. "तुमच्या गावात तिचा विश्वास कुठल्या वैद्यावर आहे?"