लाल मोटारीच्या चार टायरांची हकीगत

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत जी हकीगत सादर करण्यात येत आहे, तिच्यात ना राजा आहे ना लढाई. जालन्याच्या एका लोहाराने एका जुन्या शर्यतीच्या मोटारीसाठी टायर कसे निवडले, निवडताना त्याच्या हातून कोणती चूक घडली आणि ती चूक त्याने कशी निस्तरली, एवढाच विषय येथे यथाक्रम वर्णिलेला आहे. आपण तो शांत चित्ताने वाचावा.

निजामाच्या राज्यातील फसली सन तेराशे शेचाळीसचा पावसाळा सरत आला होता. जुन्या जालन्यात रखमाजी देशमुख नावाचे एक जमीनदार राहत असत. त्यांच्या कैलासवासी थोरल्या बंधूंनी हैदराबादेहून एक मोटार आणली होती. मोटार दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची आणि डाळिंबासारखी लाल होती. तिची चाके बैलगाडीप्रमाणे लाकडी आऱ्यांची असून लाकडी घेरावर लोखंडी कडे तापवून चढविलेले होते. बंधूंच्या पश्चात ती मोटार सिराजोद्दीन ड्रायव्हर चालवीत असे. गेल्या उन्हाळ्यात एकामागून एक असे तिचे चारही टायर फाटले, आणि ती शेडात विटांवर उभी राहिली.

रखमाजींचा मोटारीवर लोभ नव्हता. वडीगोद्रीच्या कडूबा चक्कीवाल्याने पिठाच्या गिरणीकरिता तिचे इंजिन मागितले तेव्हा त्यांनी जवळजवळ होकार दिला. चाके खटाऱ्याला जातील, पत्रा छपराला जाईल, असे बोलणे झाले. सिराजोद्दीनने फार गयावया केल्यावर त्यांनी एक मुदत दिली. दसऱ्याच्या सकाळी मोटार स्वतःच्या चाकांवर चालत दारात पूजेला आली, तर ती राहील. न आली, तर कडूबाने त्याच दिवशी बैलगाडी आणावी आणि इंजिन घेऊन जावे.

सिराजोद्दीन तडक मच्छिंद्र लोहाराकडे गेला. मच्छिंद्र हा पिढीजात गाडीच्या चाकांना धाव चढविणारा कारागीर. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, हे वाचकांस विदित आहेच. चार वर्षांपासून तो सिराजोद्दीनच्या हाताखाली मोटारीचे कामही शिकला होता आणि त्यास उस्ताद म्हणत असे. ती मोटार मोडली जाणार हे ऐकताच त्याने हातातले काम खाली ठेवले. ज्या यंत्रावर तो विद्या शिकला, त्याचे तुकडे व्हावेत हे त्यास सहन होण्यासारखे नव्हते. त्याने तेथल्या तेथे सांगितले की दसऱ्याला मोटार दारात येईल, आणि तो शब्द आपला आहे.

दोघे प्रथम स्टेशनाकडील एका दुकानात गेले. दुकानदाराने नवेकोरे, चकचकीत टायर पुढे मांडले. सिराजोद्दीनने त्यांची कड बोटाने चाचपली आणि मान हलविली. त्या टायरांच्या कडेत तार होती. ते नव्या पद्धतीच्या चाकांसाठी होते. लाल मोटारीच्या कड्याला दोन्ही बाजूंनी आत वळलेले ओठ होते, आणि त्यांत टायरची जाड कड अडकून हवेच्या जोराने घट्ट बसत असे. तारेचा टायर तेथे पहिल्याच वळणावर निसटला असता.

मग एका वकिलाच्या कोठारात जुन्या पद्धतीचे चार टायर असल्याचे कळले. ते कधीच वापरलेले नव्हते. स्वतः रखमाजी पाहावयास आले आणि ते काळेभोर टायर पाहून प्रसन्न झाले. मच्छिंद्रने मात्र अंगठ्याने दाबून पाहिले, तर रबर दबेना. एक टायर गुडघ्यावर घेऊन त्याने वाकविला, तेव्हा उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा उमटल्या.

"मालक, हे वरून नवे हायेत. आतून मेलेत," तो म्हणाला. "दहा वर्सं पत्र्याखाली तापलेत. मी हे चढवणार न्हाई."

"मंग काय चढवशील? तुझं कातडं?" रखमाजी म्हणाले.

मच्छिंद्रने ते टायर काही घेऊ दिले नाहीत.

शेवटी सिकंदराबादच्या एका व्यापाऱ्याकडे असा माल मिळतो असे समजले. जुन्या टायरांवरील आकडे झिजून गेले होते. म्हणून मच्छिंद्रने कड्याभोवती सुतळी गुंडाळून माप घेतले, सुतळी कापली आणि चिठ्ठीसोबत पाठवून दिली.

दसऱ्यास नऊ दिवस उरले असता रेल्वेने पार्सल आले. टायर ताजे आणि मऊ होते. अंगठा दाबला की रबर दबे आणि परत वर येई. सिराजोद्दीनच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु चढवू लागले तेव्हा टायर चढेना. एका बाजूची कड ओठात बसवावी, तर दुसऱ्या बाजूची दीड बोट अलीकडेच राही. दोघांनी दुपारपर्यंत बळ लावले. सिराजोद्दीनने व्यापाऱ्यास उर्दूत इतके अपशब्द वाहिले की ते येथे लिहिणे योग्य नव्हे. टायर बदलून मागण्यासाठी त्याने ताबडतोब तार केली.

मच्छिंद्र चाकापाशी बसून राहिला. व्यापाऱ्याने सुतळी परत पाठविली होती. ती त्याने पुन्हा कड्याभोवती लावली, आणि दोन टोकांच्या मध्ये दीड बोटाची फट राहिली. चूक व्यापाऱ्याची नव्हती. धावेचे माप घेताना लोहार नेहमीच दीड बोट कमी धरतो, कारण लोखंड तापून फुगते, चाकावर चढते आणि पाणी टाकताच आवळून बसते. वीस वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने तेच केले होते.

त्याची बायको नंदाबाई घण टेकून उभी होती. लोहाराच्या घरी घण बायकोच्याच हातात असतो. तिने सुतळी पाहिली, नवऱ्याचे तोंड पाहिले आणि सर्व ओळखले.

"रबराला भट्टीत घालणार होते का तुमी?" ती म्हणाली.

"हातानं केलं गं. डोकं तिथं नव्हतंच."

"मंग आता डोकं आणा, आन् जाऊन सांगा. त्या दुकानदाराला उगंच शिव्या बसून राह्यल्यात."

मच्छिंद्र गप्प राहिला असता तर कोणासही काही कळले नसते. तरी तो त्याच पावली प्रथम उस्तादाकडे आणि नंतर रखमाजींकडे गेला आणि सुतळी त्यांच्यापुढे ठेवली.

"मालक, चूक माझी हाय. दुकानदाराची न्हाई," तो म्हणाला. "मी धावेचं माप धाडलं."

रखमाजींनी सुतळी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी शांतपणे सांगितले की कडूबाला निरोप गेलेला आहे आणि मुदत वाढणार नाही.

दुसऱ्या दिवशी तारेचे उत्तर आले. मोठ्या मापाचे दोनच टायर शिल्लक असून तेही दुकानाच्या काचेत मांडलेले आहेत, असा मजकूर होता. काचेत मांडलेले म्हणजे उन्हात पडलेले, हे मच्छिंद्रने ओळखले. सिराजोद्दीनने सुचविले की पुढे ते दोन लावावे, आणि मागे वकिलाच्या कोठारातले लावून आत गवत ठासावे; दारापर्यंत तर मोटार येईल.

"उस्ताद, दारापर्यंत येईल. पुढं?" मच्छिंद्र म्हणाला. "मालक तिच्यात बसतील तवा मी काय देवाला हात जोडून उभा राहू? पार्सलातले हेच टायर चांगले. हेच लावायचे."

"बेटा, रबर तो बढता नहीं."

"रबर वाढत न्हाई. लोखंड तर कमी होतंय ना? चाकच दीड बोट लहान करू."

सिराजोद्दीन त्याच्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहू लागला. परंतु मच्छिंद्रच्या दृष्टीने ते त्याचेच काम होते. गाडीची सैल झालेली धाव कापून, जोडून, पुन्हा चढविणे हे त्याने हजार वेळा केले होते. भेद इतकाच की धाव सपाट असते आणि या कड्याला दोन ओठ होते. सांध्यावर ओठ केसभर जरी वरखाली झाला, तरी आतील ट्यूब कापली जाणार होती.

त्याच दिवशी त्याने पहिल्या चाकाचे कडे तापवून उतरविले, दीड बोट तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईतो तापविली. नंदाबाईने घण चालविला. नंतर त्याने लाकडी घेर सर्व बाजूंनी कानशीने उतरविला, कडे पुन्हा लाल करून चढविले आणि पाणी ओतले. वाफ उठली, लाकूड करकरले आणि कडे बसले. टायर चढला. हवा भरली, उरलेल्या उघड्या कड्यांवरच मोटारीस शेडाबाहेर ढकलून दहा पावले नेली, तोच ट्यूब फुटली. सांध्यावर ओठाला बारीक धार राहिली होती. ट्यूबला ठिगळ लावावे लागले.

मच्छिंद्रने कोणास दोष दिला नाही. बाजारात त्या दिवसांत नव्या कापसाच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. तेथून त्याने मूठभर कापूस आणला. कानशीने सांधा घासावा आणि त्यावरून कापसाचा पेळू फिरवावा. एक तंतू जरी अडकला, तरी पुन्हा घासावा. बोटाला जे कळत नाही ते कापसाला कळते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पहिल्या चाकाच्या सांध्याला पूर्ण दीड दिवस लागला. दुसऱ्याला एक दिवस लागला. तिसऱ्या चाकाचा लाकडी घेर तासताना एके ठिकाणी तडकला, तेव्हा बाभळीचा तुकडा आणून तेवढा भाग नवा बसवावा लागला. या दिवसांत मच्छिंद्रने दाढी केली नाही आणि जेवणही भट्टीपाशीच केले. सिराजोद्दीनही मग हट्ट सोडून बसला आणि कापूस फिरविण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. तंतू अडकला की तो बोट दाखवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चौथ्या चाकावरून पेळू चारदा फिरला, आणि चारही वेळा जसाच्या तसा निघाला.

दसऱ्याच्या सकाळी कडूबा बैलगाडी घेऊन देशमुखांच्या अंगणात हजर होता. गाडीत दोर आणि पहारी होत्या. लाल मोटार आवाज करीत दारात आली तेव्हा त्याने तोंड वाकडे केले.

रखमाजींनी पूजेचे ताट बाजूला ठेवावयास सांगितले. आधी मोटार अंबडपर्यंत जाऊन परत येऊ दे, असे म्हणून ते स्वतः सिराजोद्दीनच्या शेजारी जाऊन बसले. जागा दोघांचीच असल्याने मच्छिंद्र मागे राहिला.

"मी बैल सोडू का नगं?" कडूबाने विचारले. "न्हाई म्हंजे, इंजिन आता वाटंवरूनच उचलायचं असंल तर तसं सांग."

"सोडा, कडूबा मामा. बैलांना चारा टाका. येळ लागंल."

मच्छिंद्रने बोलणे संपविले खरे, परंतु त्याचे कान अंबडच्या रस्त्याकडे लागले होते. ऊन चढले. कडूबाने भाकर खाल्ली आणि त्यास अर्धी दिली; ती त्याने तशीच हातात धरली. तो मनातल्या मनात चारही सांध्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवीत होता. अखेर इंजिनाचा आवाज आला, आणि पाठोपाठ धुळीत लाल नाक दिसले.

रखमाजी उतरले. अंगरखा धुळीने माखला होता आणि पागोटे हातात होते. ते पुढच्या चाकापाशी वाकले, आणि टायर व कडे जेथे मिळतात तेथे बोट फिरवीत एक पूर्ण वेढा घेऊन आले.

"सांधा कुठं हाय?" त्यांनी विचारले.

मच्छिंद्रने जागा दाखविली. रखमाजींनी पुन्हा बोट फिरविले.

"मला न्हाई लागत."

"मालक, एक बोलू का?" मच्छिंद्र म्हणाला. "दर महिन्याला हे चार सांधे मी पाहणार. मी बराबर हाय म्हणेपर्यंत तिला जोरात पळवायची न्हाई. कबूल असंल तरच पूजा करा."

जमीनदारास अट घालण्याची रीत त्या काळी नव्हती. रखमाजींनी सिराजोद्दीनकडे पाहिले, आणि त्यानेही मान डोलावून दुजोरा दिला.

"कबूल," रखमाजी म्हणाले. मग ते कडूबाकडे वळले. "कडूबा, इंजिन न्हाई मिळणार तुला. जेवून जा."

कडूबाने दोर गुंडाळून गाडीच्या तळाशी टाकले आणि हातपाय धुवावयास गेला. नंदाबाईने चारही चाकांना हळदकुंकू लावले.

येथे ही हकीगत संपली. ती जशी घडली असे मनात आले, तशी वाकड्यातिकड्या अक्षरांत उतरवून काढली आहे. शब्दयोजनेत जे उणे राहिले असेल ते वाचकांनी पदरात घ्यावे. आपला अमूल्य वेळ खर्च करून शेवटपर्यंत सोबत केलीत, त्याबद्दल आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
भुजंग कारभारी खरात
जुना जालना