पिंपळनेरची घागर

मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. हसू नका मित्रांनो, माझ्याही नशिबी माणसे होती. पत्र्याची पेटी, तिच्यात काचेची नळी, नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि धुळ्याला देवपुरातल्या एका डॉक्टरांच्या टेबलावर मी आलो. तिथे माझा थाट काय वर्णावा! गावातले भलेभले पैलवान माझा पट्टा दंडावर चढला की श्वास रोखून माझ्याकडे बघायचे.

डॉक्टर बोलके होते. ते रोग्यांना समजावून सांगत, की आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. माणूस घाबरला की त्या रक्तात स्राव सोडतात. एकाचे नाव अॅड्रेनलिन, दुसऱ्याचे कॉर्टिसॉल. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंगात पळायचे बळ येते. मागे कुत्रा लागला तर हे चांगलेच. कुत्रा गेला की सगळे शांत होते. पण भीती मनातच मुक्कामाला आली, तर ते स्राव दिवसेंदिवस उतरत नाहीत. मग दाब चढा राहतो, रक्तवाहिन्या झिजतात आणि हृदयाचा धोका वाढतो. हे मी इतक्यांदा ऐकले, की मला तोंडपाठ झाले.

पुढे डॉक्टरांनी नवे यंत्र घेतले आणि मला शालिग्रामदादांच्या घरी दिले. दादा सूतगिरणीत फिटर होते. त्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यांचा मुलगा भटूही त्याच गिरणीत कामाला, तो मला वापरायला शिकला. रोज सकाळी दादा पाटावर बसत, भटू पट्टा गुंडाळी आणि दादांची बायको इंदिराबाई हातातले काम टाकून माझ्या नळीकडे बघत उभ्या राहत. डॉक्टरांनी बजावले होते, की दादांना कसलाही ताण द्यायचा नाही. घराने तो शब्द जिवापाड पाळला. तिथेच घात झाला.

दादांचे थोरले भाऊ आधारनाना पिंपळनेरला शेती करत. एकदा ते भेटायला आले, ते शेंगदाणा तेलाचा डबा आणि तळलेल्या पापड्या घेऊन. भावाची माया ती! पण दादा तेल-तळणाच्या पथ्याच्या धाकाने आधीच चिडचिडे झाले होते. जणू नाना जिवावरच उठून आला, असे ते चारचौघांत बोलून गेले, "नाना, तू माले माराले उना का?" नानांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि डबा उचलून ते बस धरायला गेले.

त्यानंतर पंधरवड्यातच माघात, शेतावरच नाना वारले. भटू गिरणीच्या कामाने जळगावला जातो असे सांगून त्यांच्या मातीला जाऊन आला. आल्यावर त्याने पायरीवर बसून डोळे पुसले, तोंड धुतले आणि मग माझी पेटी उघडली. दादांच्या हृदयाला हा धक्का सोसणार नाही, असे त्याने आणि इंदिराबाईंनी ठरवले होते. त्यात त्यांची चूक काय काढावी? पोटात माया होती म्हणूनच ते खोटे बोलले.

पण दादा रोज विचारायचे, नाना का येत नाही. पहिल्यांदा गुडघे दुखतात म्हणून सांगितले. मग दादा म्हणाले, मीच पिंपळनेरला जाऊन येतो. तेव्हा भटूची पाचावर धारण बसली. त्याला जे सुचले ते तो बोलला. नानांचा राग अजून गेला नाही, त्यांना तुमचे तोंड बघायचे नाही, असे त्याने सांगितले. दादांनी पुन्हा जायचे नाव काढले नाही आणि घराला हायसे वाटले.

मला मात्र हायसे वाटले नाही. त्या दिवसापासून माझा पारा चढत गेला. गोळ्या वाढल्या, मीठ बंद झाले, तरी तो उतरेना. दादांना झोप लागेना. नानांचे नाव निघाले की घरातली माणसे खाली बघायची आणि दादांना वाटायचे, नानांनी आणखी काही वाईट म्हटले असणार. कुत्रा मागे लागलेलाच होता मित्रांनो, आणि तो घरच्यांनी मायेने पाळला होता. मला सगळे कळत होते, पण माझ्याजवळ आकड्यांखेरीज दुसरी भाषा नव्हती.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात आणि चुलीतल्या निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास टाकतात. सणाच्या दिवशी कोणी भावाला दारातून परत पाठवत नाही, असा विचार करून दादा कोणालाही न सांगता पिंपळनेरच्या बसमध्ये बसले. पुढचे मी भटूच्या तोंडून ऐकले. दादा उंबऱ्यावर पोचले तेव्हा नानांचा मुलगा पुना निखाऱ्यावर घास टाकत होता आणि मोठ्याने बापाचे नाव घेत होता.

दादा तिथेच खाली बसले. त्यांनी भावजयीला, नर्मदाबाईंना, नानांच्या आपल्यावरच्या रागाबद्दल एवढेच विचारले, "नाना मनावर रागे भरना नही व्हता?"

"कधीच नही, भाऊ. तुमनंच नाव लेत लेत गया," त्या म्हणाल्या.

दादा पोरासारखे रडले. निरोप मिळताच भटू धावत त्यांना आणायला गेला, घाबरून त्याने देवाला हात जोडले. पण घरी आल्यावर त्याने पट्टा बांधला, तेव्हा माझा पारा गेल्या कित्येक महिन्यांत नव्हता इतका खाली होता. भटू माझ्याकडे बघतच राहिला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भाऊ गेल्याचे दुःख आपण रडून सोसले असते, असे ते त्याला समजावू लागले. मग म्हणाले, "दुख नही रे भटू, धास्तीनी माले खाई टाकं."

पण झिजलेले हृदय रडण्याने भरून येत नाही. श्रावणात दादा गेले. त्या सकाळी भटू पुन्हा पुन्हा फुगा दाबत होता आणि मी त्याला काही दाखवू शकत नव्हतो.

दादांची बहीण पार्वताबाई जळगावला असते. तिचेही हृदय नाजूक. नातलग म्हणाले, तिला इतक्यात कळवू नका. भटूने कोणाचे ऐकले नाही. मला पिशवीत घालून तो दुसऱ्याच दिवशी जळगावला गेला, आत्याचा हात हातात घेतला आणि खरे ते सांगितले. आत्या दुपारभर रडली. मग दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली. मला पिशवीतून काढायची गरज पडली नाही.

आता मी फडताळात आहे. रबर चिरले आहे, काच धुळीने माखली आहे. मला पुसा, असे मी म्हणणार नाही. घरातल्या माणसांचा दाब मात्र जरूर मोजा. आणि पट्टा सोडताना एकदा त्यांना विचारा, की मनात कसली भीती आहे. शालिग्रामदादांना हे कोणीच विचारले नाही. मी रोज त्यांच्या दंडाला बिलगून होतो, पण मला विचारता येत नव्हते.