जिस्लेनचा खोटा दात

मित्रांनो, मी एक जुना खोटा दात आहे, आणि तोही दुधाचा. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या एका दंतवैद्याने मला सात वर्षांच्या जिस्लेनसाठी घडवले. ती काम करत असलेला सिनेमा निम्मा झाला होता, आणि चिकट वॉफल खाताना पोरीचा पुढचा दात पडला.

"अर्ध्या सिनेमात दात आणि अर्ध्यात खिंडार?" दिग्दर्शक तिच्या आईवर उखडला. "लोक काय म्हणतील, बाई?"

मग मला तारेने शेजारच्या दातांना अडकवले. खरा दात आईने उशीखाली ठेवला. तिकडे पडलेला दात उंदीर नेतो आणि नाणे ठेवतो.

"आई, मी खोटा लावलाय हे उंदराला कळलं तर?"

"नाही कळत. उंदीर कुठे सिनेमे बघतो?"

त्या वर्षी बर्फ लवकर पडले आणि चित्रीकरण लांबले. माझ्याखाली हिरडीतून नवा दात डोके वर काढू लागला. जिस्लेन रडायची, मला काढा म्हणायची. आई गालावरून हात फिरवायची. "थोडं सोस, राणी. एवढं झालं की संपलं."

संपले तेव्हा नवा दात तिरका आला होता. मी जागाच दिली नव्हती ना त्याला! गावभर पोस्टरवर तिचे हसू झळकले. ते हसू माझे होते. शाळेतली मुले मात्र तिला 'वाकडी' म्हणू लागली. आई म्हणाली, "हसतील त्याचे दात दिसतील. तू लक्ष नको देऊस."

जिस्लेनने आपले दात पुन्हा कुणाला दाखवलेच नाहीत. ओठ मिटून हसायची सवय जडली ती कायमची. मोठ्या दिग्दर्शकांना ते मिटलेले ओठ भारी आवडले. तिला विधवांच्या, टाकलेल्या बायकांच्या भूमिका मिळत गेल्या. एवढे दुःख हिने आणले कुठून, असे वर्तमानपत्रांनी कौतुकाने लिहिले. ते कुठून आले, हे तिने मला जपून ठेवलेल्या गोळ्यांच्या डबीत पडल्या पडल्या मला ठाऊक होते. फार वाईट वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात ती आजीची भूमिका करत होती. सिनेमात तिची नात झालेल्या छोट्या नोएमीचा दात पडला आणि दंतवैद्याला फोन गेला. जिस्लेनने पर्समधून डबी काढली, मला तळहातावर घेतले आणि सगळ्यांसमोर तोंड उघडून हसली.

"हे बघा. हे याच्यामुळे. पोरीला फटीसकट राहू द्या."

नवा दिग्दर्शक नम्र होता. "मॅडम, आता तसं होत नाही. आताचे खोटे दात मऊ असतात." मग हळूच म्हणाला, "आणि कॅमेऱ्यासमोर असं हसू नका, बरं दिसत नाही."

जिस्लेनने ओठ मिटले. नोएमीने तिची बाही ओढली. "आजी, उंदराला कळेल का गं?"

जिस्लेनने मला डबीत ठेवले. पलीकडून नोएमीची आई आली आणि लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "थोडं सोस, राणी."

मित्रांनो, मी पुन्हा डबीत आहे. तुमचा किंवा तुमच्या धाकट्या बहिणीचा दात पडला, तर ती जागा थोडे दिवस रिकामी राहू द्या. फट दिसली तर दिसू द्या. येणाऱ्याला ती जागा हवी असते.