डावीकडचं आकाश

भिलाईच्या कारखान्यात श्यामराव लांजेवारांनी चौतीस वर्षं क्रेनची वायरिंग सांभाळली, आणि तेवढ्या काळात क्रेनपेक्षा क्रेन चालवणाऱ्यांचाच त्यांना जास्त वीट आला. एकाच रुळावर दोन क्रेन धावायच्या. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून बसवलेलं यंत्र मधेच क्रेन थांबवायचं, काम लांबायचं, म्हणून ऑपरेटर तारेचा तुकडा जोडून ते यंत्रच मुकं करून टाकत. श्यामराव तो तुकडा उपटत आणि ऑपरेटरच्या पुढ्यात टाकत. बोलत काही नसत, नुसते बघत. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला एकही ऑपरेटर फिरकला नाही. श्यामरावांना त्याचा अभिमान वाटला.

मग सेक्टर ६ मधलं क्वार्टर सोडून ते भिलाईच्या कडेला कुरुदला, स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेले. कुरुदच्या पलीकडे माळावर एका हौशी फ्लाइंग क्लबची धावपट्टी होती. दोन बिनइंजिनाची ग्लायडर आणि एक इंजिनाचं छोटं विमान, एवढाच त्या क्लबचा पसारा. तिन्हींमध्ये धडकेचा इशारा देणाऱ्या डब्या बसवायचं ठरलं आणि ते काम श्यामरावांकडे आलं. डबी साधीच होती. आपण कुठे आहोत, कुठे चाललो आहोत हे ती रेडिओवरून सांगत राहायची, दुसऱ्या डबीचं ऐकत राहायची, आणि दोघींच्या वाटा एकमेकींना छेदणार असं दिसलं की दिवा लावून पीं पीं करायची.

क्लबचा सेक्रेटरी ओमप्रकाश हा दुर्गचा राईसमिलवाला. पाहुण्यांना विमानात बसवून चक्कर मारून आणायची त्याला भारी हौस. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "लांजेवारजी, ये पीं-पीं बंद नहीं हो सकती? मेहमान डर जाते हैं."

"भेव वाटावं म्हणूनच लावली जी," श्यामराव म्हणाले आणि पाठ फिरवून पाना पुसत बसले.

घरी ताटावर बसले की ते ओमप्रकाशची हजेरी घेत. "डोक्यात नुसता कोंडा भरला आहे त्याच्या. विमान म्हणजे लग्नाची घोडी वाटते त्याले."

"जेवतानी तरी लोकाची अक्कल मोजू नका," त्यांची बायको मनकर्णा म्हणायची. "पोळी गार होऊन राहिली."

क्लबात श्यामरावांच्या जिभेच्या तडाख्यातून सुटलेली एकच व्यक्ती होती, रेणू. सेक्टर ६ मधल्या त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांची ही पोरगी कॉलेज सांभाळून ग्लायडर शिकत होती आणि आता एकटीनं उडू लागली होती. तिला ते पुन्हा पुन्हा बजावत, "डबीच्या भरवशावर राहू नको. डबीले फक्त डबी दिसते. डोळे बाहेर ठेव."

मे महिन्यात काचेखाली ऊन असं तापायला लागलं की रेणूच्या ग्लायडरमधली डबी गरम होऊन मधेच बंद पडायची. श्यामरावांनी ती समोरच्या पॅनेलखाली सरकवली आणि सावलीसाठी वर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. स्क्रूची सोय म्हणून पत्रा डाव्या बाजूनं खाली दुमडून घेतला. वर फक्त दिवा आणि भोंगा ठेवला. डबीसोबत बत्तीस पानांची इंग्रजी पुस्तिका आली होती, ती त्यांनी पहिल्या दिवशी वरवर चाळून कपाटात टाकली होती. पुस्तिका कोणासाठी असते, तर ओमप्रकाशसारख्यांसाठी, असं त्यांचं मत.

पुढच्या रविवारी सकाळी रेणू माळावर उंच घिरट्या घेत होती. ओमप्रकाश दोन पाहुण्यांना घेऊन परत येत होता. खाली उभ्या असलेल्या श्यामरावांना दोन्ही दिसत होती, आणि ती एकाच उंचीवर आहेत हेही दिसत होतं. विमान ग्लायडरच्या डावीकडून सरळ आलं. शेवटच्या क्षणाला ग्लायडर उजवीकडे झुकलं आणि खाली गेलं. मधे एखाद्या घराएवढं अंतर उरलं असेल.

ग्लायडर उतरलं तेव्हा रेणूला पट्टा सोडवता येत नव्हता. श्यामरावांनी तो सोडवला.

"काका, डबी वाजलीच नाही," ती म्हणाली. "मले पंख दिसला म्हणून वळले."

श्यामराव तडक ओमप्रकाशकडे गेले. पाहुण्यांसमोरच म्हणाले, "मेहमानांचं मन राखाले डबी बंद केली ना तुमी?"

"नहीं की," ओमप्रकाश म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमी खोटं बोलून राहिले. डबी सगळं लिहून ठेवते. परवाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे काढतो."

दोन्ही डब्यांमधली नोंद त्यांनी रेणूच्या लॅपटॉपवर उतरवली. संध्याकाळी रेणू लॅपटॉप घेऊन कुरुदला त्यांच्या घरी आली. विमानाची डबी उड्डाणाच्या पहिल्या मिनिटापासून चालू होती. ओमप्रकाशनं हातही लावला नव्हता. रेणूनं मग ग्लायडरच्या डबीला कुठून किती दूरचं ऐकू येतं त्याचं चित्र उघडलं. उजवीकडे, पुढे, मागे चांगला गोल होता. डावीकडे तो जवळजवळ आतपर्यंत खचला होता. त्या बाजूचं डबीला ऐकू येत नव्हतं, आणि तिचं बोलणंही विमानाच्या डबीपर्यंत पोचत नव्हतं.

श्यामरावांनी कपाटातून पुस्तिका काढली आणि रेणूकडून वाचून घेतली. अकराव्या पानावर लिहिलं होतं, डबीतला अँटेना धातूनं झाकू नये, जागा बदलल्यास पुन्हा तपासणी करावी.

रेणूनं पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "काका, हे कोनाले दाखवाची काय गरज आहे? पत्रा काढून टाकू आपन."

"तू मरत होती," श्यामराव म्हणाले. "माह्या पत्र्यानं."

मीटिंगमध्ये ओमप्रकाश फाइल उघडून तयारीत बसला होता. श्यामराव उभे राहिले. चित्र दाखवलं, पत्रा टेबलावर ठेवला. "विमानाची डबी चालू होती. ग्लायडरच्या डबीले मीच बहिरं केलं. पुस्तक वाचलं नाही. गलती माझी."

ओमप्रकाशनं फाइल मिटली. त्याचा चेहरा हळूहळू खुलला.

"अरे, हो जाता है लांजेवारजी," तो मोठ्या मनानं म्हणाला. "रजिस्टर में लिख देते हैं, चील आ गई थी. आपकी भी इज्जत, क्लब की भी."

घारीचं नाव ऐकून श्यामरावांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदा हा माणूस खरा ठरला होता, आणि त्याला तेही झेपत नव्हतं.

"मी तुमाले खोटारडं म्हटलं, ते चुकलं. माफी मागतो," ते म्हणाले. "पन आता जे सांगून राहिले, ते खोटं आहे." त्यांनी रजिस्टर ओढलं आणि घडलं तसं स्वतःच्या हातानं लिहिलं. सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

क्लबनं डब्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ते बरोबरच केलं, असं त्यांनी घरी सांगितलं. मनकर्णानं ताट वाढलं. त्या दिवशी ताटावर कोणाचीच अक्कल निघाली नाही.

दहा दिवसांनी नागपूरहून निखिल नावाचा तंत्रज्ञ तपासणीला क्लबात आला, तेव्हा श्यामरावही तिथे होते. त्यानं टेबलावरचा पत्रा उचलून उलटसुलट पाहिला. "हे कोणत्या शहाण्याचं काम?"

"माझं," श्यामराव म्हणाले.

निखिलनं सॉरी म्हटलं नाही. नजर वळवली नाही. पत्रा कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि कामाला लागला. श्यामरावांना तो एकदम आवडला. त्यांनी एक खुर्ची ओढली, शेजारी बसले, आणि पुस्तिका पहिल्या पानापासून समजावून द्यायला सांगितली.