लईचं फार

लातूरच्या रेणुकादास सरांना व्यसन म्हणून काही नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, चहासुद्धा दिवसाला दोनच कप. फक्त कॉम्प्युटरवर 'शोधा आणि बदला' असा एक चौकोन उघडतो, त्याच्यात 'सगळे बदला' नावाचं एक बटण असतं, ते दिसलं की सरांचा हात ऐकत नाही.

वरच्या खणात एक शब्द टाकायचा, खालच्या खणात दुसरा. बटण दाबलं की क्षणात अख्ख्या मजकुरातला पहिला शब्द गायब आणि दुसरा हजर. वर कॉम्प्युटर आदबीनं सांगतो, इतक्या ठिकाणी बदल झाला. जन्मभर इतिहास शिकवला, एका पोराच्या डोक्यातली एक सनावळी बदलता आली नाही. इथं एका बोटात सगळं बदलतंय म्हटल्यावर माणूस नादी लागणारच.

काम नसलं तर सर जुनी कागदपत्रं उघडून बसायचे. एका रविवारी सगळ्या 'आणि'चे 'व' केले. पुढच्या रविवारी 'व' रुक्ष वाटला म्हणून सगळ्या 'व'चे 'आणि' केले. त्यात कॉलनीच्या गणेश मंडळाचं पत्रक होतं. 'वर्गणी'ची 'आणिर्गणी' झाली. निम्म्या कॉलनीनं पैसे दिले नाहीत. म्हणाले, वर्गणी आम्ही देतच असतो, ही आणिर्गणी कोणत्या कायद्यानं मागायलात?

'पूर्ण शब्दच बदला' असा एक बारका पर्याय त्याच चौकोनात असतो, तिथं खूण करायची असते. सरांना तो पर्याय आवडत नाही. ते म्हणतात, ब्रेक दाबून सायकल चालवायची तर बसायचं कशाला?

कळस झाला शिवमच्या लग्नात. शिवम म्हणजे मुरुडच्या श्रीमंतचा मुलगा, आणि श्रीमंत म्हणजे सरांचा शाळेपासूनचा दोस्त. पत्रिकेचा मजकूर सरांनी करून दिला. शेवटच्या घडीला त्यांना वाटलं, पाहुणे मोठे आहेत, नुसतं 'श्री' बरं दिसत नाही, 'श्रीमान' करू. बटण दाबलं. पत्रिका छापून आली. वरती 'श्रीमान गणेशाय नमः', मुलीची आई जयश्रीबाई होती ती 'जयश्रीमानबाई', आणि मुलाचा बाप 'श्रीमानमंत'. आजही मुरुडच्या स्टँडवर श्रीमंत उतरला की कुणीतरी विचारतोच, "काय श्रीमानमंत, लातूरला गेलताव का?"

त्या दिवशी सौदामिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, निकाल दिला. बाई शाळेत मराठी शिकवतात, त्यामुळं निकाल शुद्ध होता.

"अहो, आता आणखी एक चूक झाली ना, की हा कॉम्प्युटर हिमायतनगरला जाईल. अनयला दुकानात लागतोच आहे."

अनय बाईंचा धाकटा भाऊ. हिमायतनगरला त्याचं खताचं दुकान. सर त्या रात्री जेवले नाहीत. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि चार महिने अगदी इमानानं वागले. चौकोन उघडायचे, बघायचे, बंद करायचे.

मग दसऱ्याच्या तोंडावर श्रीमंतची बायको सिंधु मुरुडहून आली. घरी चार म्हशी, दूध डेअरीला घालून घालून ती बेजार झालेली. तिनं मुरुडात रस्त्याला लागून स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं होतं. पाटी पाहिजे होती आणि बाजारात वाटायला पत्रक.

"सर, तुमीच करून द्या. पण बाईंनी बघितल्याबिगर छापायचं न्हाई. आमच्या घरात एक श्रीमानमंत बास हाय."

"मी बघते सिंधुताई, तुम्ही बिनघोर राहा," बाई म्हणाल्या.

"अन् अजून एक. मी बोलते तसंच लिवा. गिऱ्हाईक मुरुडचंच हाय, त्याला पुण्याचं बोलणं कशाला?"

सिंधुनं सांगितलं, सरांनी टाइप केलं. मजकूर असा होता:

सिंधु मलई-पेढा केंद्र, मुरुड. आमच्याकडं लई ताजी मलई, लई घट्ट दही अन् लई खमंग तूप भेटतंय. पोरांना मलई, म्हाताऱ्यांना मऊ पेढा. गावचे डॉक्टरसुद्धा आमच्या तुपाची शिफारस करतात. एकदा खाल तर लई दिवस आठवण काढाल.

पहिली ओळ पाटीला, सगळं मिळून पत्रकाला. बाईंनी दोनदा वाचलं, एक अनुस्वार टाकला, "पाठवा मल्लेशला," म्हणाल्या आणि शाळेला गेल्या.

मल्लेशचं लातुरात फ्लेक्सचं दुकान आहे. येईल ते छापायचं, मजकुराला हात लावायचा नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. एकदा एका पुढाऱ्याच्या नावातली चूक त्यानं आपणहून दुरुस्त केली होती. ती चूक नव्हती, ते आडनावच तसं होतं. तेव्हापासून हात नाही लावत.

सर पाठवायलाच बसले होते. पण मजकूर नजरेखालून घालताना 'लई' बोचला. एकदा, दोनदा, चारदा. उद्या कुणी म्हणालं, एवढा शिकलेला माणूस अन् पत्रकात 'लई' लिहितोय? सिंधुला काय कळतंय. 'फार' केलं तर तिला पत्तासुद्धा लागणार नाही. आणि चूक झाली तर ना! 'लई'ला 'फार' म्हणजे चूक थोडीच, ती तर सुधारणा.

वर 'लई', खाली 'फार'. बोट गेलं.

'सात ठिकाणी बदल झाला.'

सरांना आठवत होतं, 'लई' चार होते. कॉम्प्युटरनं सात बदलले. चार महिन्यांच्या उपासानंतर पानात तीन जिलब्या जास्त पडल्या तर माणूस वाढप्याला हिशोब विचारत नाही. सरांनीही विचारला नाही. फाइल मल्लेशला गेली.

दसऱ्याला सगळे मुरुडला. नारळ फुटला, पाटीवरचा कपडा श्रीमंतनं ओढला. वर लाल अक्षरात: 'सिंधु मफार-पेढा केंद्र'.

मंडळी वर बघत उभी राहिली. एक म्हातारं म्हणालं, "मफार काय असतंय रं?"

"परदेशी आयटम असंल."

"म्हशीचाच असंल ना पण?"

पत्रकं हातोहात फिरली. 'फार ताजी मफार' वाचून दोघंजण आत जाऊन पाव किलो मफार मागायला लागले. आत कढईजवळ बसलेल्या, कामाला ठेवलेल्या गंगम्मानं त्यांना मलई दाखवली तर म्हणाले, ही नको, बाहेर लिहिलीय ती द्या. आणि तसेच परत गेले.

श्रीमंत सरांजवळ आला. "माझं श्रीमानमंत केलाव, मी काय म्हणलो का? न्हाई. दोस्त हाय म्हणलो. आता बायकोचं मफार केलाव. आता म्हशी तेवढ्या राहिल्यात, त्यांचंबी काय करायचं ते करून टाका एकदाच."

सिंधु भांडली नाही, तेच अवघड होतं. "सर, मी 'लई' म्हणलं हुतं. माझं लई कुठं गेलं? परवा बाजार हाय. गाव गोळा हुतंय. परवापर्यंत मला माझं लई पाहिजे अन् माझी मलई पाहिजे."

बाईंनी तिथंच, फोडलेल्या नारळाशेजारी, फोन लावला. "अनय, उद्या गाडी घेऊन ये. कॉम्प्युटर न्यायचाय. हो, टेबलासकट."

घरी आल्यावर प्रश्न असा पडला की पत्रक तर दुरुस्त करायचंय, आणि सरांनी हात लावायचा नाही. बाई स्वतः खुर्चीत बसल्या. सर मागं उभे, हात पाठीशी बांधलेले, जसं पोरांना उभं करायचे तसे.

"सांगा आता, काय करायचं?"

"काही नाही, सोपं आहे. उलटं करायचं. वर 'फार', खाली 'लई'. म्हणजे 'लई' पण परत येतंय आणि मलई पण."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी. ते बटण."

बाईंनी बटण दाबलं. अक्षरं लवलवली आणि सगळी मफार मलई झाली. 'आठ ठिकाणी बदल झाला,' कॉम्प्युटर म्हणाला.

बाई वाकून पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई."

मग म्हणाल्या, "आणि हे मी तीस वर्षं लाल पेनानं करत राहिले?"

खुर्ची पुढं ओढली. "अहो, तो सहामाहीचा पेपर आहे का यात? त्याच्यात 'खालील' सगळीकडे झालंय, तिथं 'पुढील' पाहिजे... थांबा, तुम्ही नका सांगू, मला कळालंय." सहामाहीचे पेपर झाले, मागच्या वर्षीचे झाले. तेवढ्यात अनयचा फोन आला, गाडी किती वाजता आणू म्हणून.

"कशाची गाडी? काही येऊ नको. मला काम आहे इथं." फोन ठेवला.

सर तोवर पत्रक वाचत होते. गेले सात होते, आले आठ. आठवा कुठला, ते त्यांना आता दिसलं. चौथ्या ओळीत. 'गावचे डॉक्टरसुद्धा आमच्या तुपाची शिलईस करतात.'

'शिफारस'मध्ये फार असतं, हे मराठीच्या बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

सांगावं, तर बाईंना कळणार की हे बटण कुणालाच सोडत नाही, आणि अनयकडं गाडी तयारच होती.

"बरोबर झालं ना हो सगळं?" बाईंनी मागं न बघता विचारलं. त्या तोवर कॉलनीच्या पत्रकात शिरल्या होत्या.

सरांनी कॉम्प्युटरकडं बघितलं. टेबलाकडं बघितलं.

"लई बरोबर झालंय," ते म्हणाले.

बाईंनी फाइल मल्लेशला पाठवली. आणि मल्लेश मजकुराला हात लावत नाही.